रंग नवा की काम नवे? व्हिस्कस कपलिंगच्या रिकंडिशनिंगची कसोटी

चिनहट (लखनौ) : मातीचे भांडे विकत घेताना ते बोटाने वाजवून पाहण्याची रीत जुनी आहे. आवाजावरून तडा ओळखता येतो. लखनौच्या पूर्वेला, फैजाबादकडे जाणाऱ्या मार्गावर वसलेले चिनहट हे अशाच रंगीत मातीच्या भांड्यांसाठी दीर्घकाळ ओळखले गेले. ३० जून १८५७ रोजी येथे झालेल्या लढाईमुळे इतिहासातही या गावाचे नाव नोंदलेले आहे. आज मात्र चिनहटची ओळख मुख्यत्वे देवा मार्गावरील टाटा मोटर्सच्या कारखान्यामुळे आहे. १९९२ साली सुरू झालेल्या या कारखान्यात ट्रक आणि बसगाड्या तयार होतात. नव्या वाहनांबरोबरच जुन्या इंजिनांच्या रिकंडिशनिंगचे कामही लखनौच्या या केंद्राशी निगडित झाले.

रिकंडिशनिंग म्हणजे झिजलेला भाग उघडून, स्वच्छ करून, झिजलेले घटक बदलून तो पुन्हा मूळ मापाला आणणे. इंजिनाच्या बाबतीत ही संकल्पना वाहनधारकांच्या चांगली परिचयाची आहे. परंतु फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांमध्ये एक असा भाग असतो, जो बाहेरून पाहून, हलवून किंवा वाजवून त्याची प्रकृती कळत नाही. त्याचे नाव व्हिस्कस कपलिंग. नवे कपलिंग महाग असते आणि जुन्या गाड्यांसाठी ते मिळेलच असे नाही. त्यामुळे रिकंडिशन केलेले कपलिंग हा अनेकांपुढील एकमेव व्यवहार्य पर्याय ठरतो. असे कपलिंग घेताना नेमके काय पाहावे, ते खरोखर दुरुस्त झाले आहे की केवळ रंगवले गेले आहे, हे कसे ओळखावे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर चुकले तर कपलिंगच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक खर्चाचा गिअरबॉक्स निकामी होऊ शकतो.

कपलिंगची रचना

व्हिस्कस कपलिंग हा पोलादाचा एक सीलबंद, दंडगोलाकार डबा असतो. त्यात पातळ पोलादी चकत्यांचे दोन संच एकाआड एक बसवलेले असतात. एका संचाच्या चकत्या बाहेरील डब्याला, तर दुसऱ्या संचाच्या चकत्या मधल्या आसाला खाचांमध्ये अडकवलेल्या असतात. डबा गाडीच्या एका बाजूच्या चाकांशी आणि आस दुसऱ्या बाजूच्या चाकांशी जोडलेला असतो. दोन्ही संच परस्परांना स्पर्श करत नाहीत. त्यांच्यामधील अगदी थोड्या मोकळ्या जागेत अत्यंत घट्ट असा सिलिकोन द्रव भरलेला असतो.

द्रवाचा वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध म्हणजे श्यानता. ती सेंटिस्टोक या एककात मोजतात. पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिस्टोक असते. कपलिंगमधील सिलिकोन द्रवाची श्यानता मात्र हजारोंपासून लाखाच्या घरात असू शकते. हा द्रव मधापेक्षाही कितीतरी घट्ट असतो आणि भांडे तिरपे केले तरी अतिशय सावकाश सरकतो.

पुढची व मागची चाके समान वेगाने फिरत असतील, तर डबा आणि आस बरोबरीने फिरतात. द्रवावर ताण येत नाही. पुढची चाके चिखलात घसरून वेगाने फिरू लागली की दोन्ही संचांच्या वेगात फरक पडतो. चकत्यांमधील द्रव ओढला जातो, विरोध करतो आणि त्या विरोधातूनच इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे जाऊ लागते. वेगातील फरक जितका अधिक, तितकी ताकद अधिक. वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगात जो किरकोळ फरक पडतो, तो मात्र हा द्रव सहज सामावून घेतो. कोणतीही तार, संगणक किंवा चालकाचा हस्तक्षेप यासाठी लागत नाही.

सिलिकोनचीच निवड का, याचेही कारण आहे. खनिज तेल तापले की झपाट्याने पातळ होते. सिलिकोन द्रवही पातळ होतो, परंतु त्याचा वेग तुलनेने कमी असतो. म्हणूनच थंड आणि तप्त अशा दोन्ही स्थितींत तो कामाचा राहतो.

तापल्यावर घट्ट पकड

या कपलिंगचा सर्वांत विलक्षण गुण तापमानाशी संबंधित आहे. डबा कधीही काठोकाठ भरला जात नाही. त्यात काही भाग हवेसाठी मोकळा ठेवतात. घसरण चालू राहिली की द्रव तापतो आणि प्रसरण पावतो. सिलिकोन द्रवाचे आकारमान दर अंश सेल्सिअसला साधारण एक हजारांश इतके वाढते. डबा ९० टक्के भरलेला असेल, तर तापमान सुमारे ११५ अंशांनी वाढल्यावर मोकळी जागा संपते. त्यानंतर आतील दाब वेगाने वाढतो, चकत्या परस्परांवर दाबल्या जातात आणि कपलिंग अनेक पटींनी अधिक ताकद वाहू लागते. दोन्ही बाजू जवळजवळ एकजीव होतात.

अभियंते या स्थितीला ‘हम्प’, म्हणजे उंचवटा, असे म्हणतात. आलेखावर ताकदीची रेषा अचानक उंच उडते, यावरून हे नाव पडले. एकदा दोन्ही बाजू एकत्र फिरू लागल्या की घर्षण थांबते, द्रव थंड होतो आणि कपलिंग पूर्ववत सैल होते. चिखलात रुतलेली गाडी काही क्षण जागीच चाके फिरवून नंतर एकाएकी बाहेर पडते, त्यामागे पुष्कळदा हीच क्रिया असते.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. डब्यात द्रव कोणता आहे याइतकेच तो किती आहे हेही निर्णायक असते. रिकंडिशनिंगमधील बहुतेक चुका या दुसऱ्या मुद्द्यावर होतात.

कोणत्या गाड्यांत हा भाग असतो

व्हिस्कस कपलिंगची मूळ कल्पना विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील मानली जाते. मोटारींत तिचा मोठ्या प्रमाणावर वापर मात्र १९८० नंतर झाला. अमेरिकेतील एएमसी ईगल ही १९८० च्या वर्षाची मोटार, १९८५ पासून ऑस्ट्रियातील ग्राझ येथे तयार झालेली फोक्सवागनची सिंक्रो व्हॅन आणि १९९७ साली आलेली लँड रोव्हर फ्रीलँडरची पहिली आवृत्ती ही त्याची ठळक उदाहरणे आहेत.

भारतातील वाहनधारकांनी प्रथम आपल्या गाडीत हा भाग आहे का, याची खात्री करून घ्यावी. जिप्सी, जुनी जीप, बोलेरो, थार, स्कॉर्पिओ, सफारी अशा परिचित फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांत चालक स्वतः लीव्हर किंवा बटणाने पुढील चाके जोडतो. त्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये व्हिस्कस कपलिंग नसते. २००० च्या दशकात जनरल मोटर्सने भारतात शेव्हरोलेट फॉरेस्टर या नावाने विकलेल्या सुबारूच्या गाडीत मात्र पुढील व मागील चाकांमधील डिफरन्शियलला व्हिस्कस कपलिंगची जोड होती. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली. अशा गाड्यांच्या धारकांपुढे सुट्या भागांचा प्रश्न अधिक तीव्र असतो. खासगीरीत्या आयात झालेल्या जुन्या गाड्यांचीही स्थिती वेगळी नाही.

लँड रोव्हर ही कंपनी २००८ साली टाटा मोटर्सने विकत घेतली. २०११ पासून पुण्यात जोडणी सुरू झालेल्या फ्रीलँडर-२ मध्ये मात्र व्हिस्कस कपलिंग नाही. त्या गाडीत संगणकाने नियंत्रित होणारा हॅल्डेक्स प्रकारचा क्लच आहे. व्हिस्कस कपलिंग घसरण सुरू झाल्यानंतरच काम करते आणि ब्रेक लावताना ते आपणहून मोकळे होत नाही. त्यामुळे चाके जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक प्रणालीशी त्याचा मेळ घालणे कठीण जाते. पुढील काळातील बहुतेक गाड्यांनी संगणकीय क्लच स्वीकारला, त्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

या भागाचा एक जवळचा नातेवाईक मात्र आजही सर्वत्र आढळतो. अनेक ट्रक आणि डिझेल गाड्यांच्या रेडिएटरमागील पंखा सिलिकोन द्रवावर चालणाऱ्या कपलिंगनेच फिरतो. त्यात तापमानानुसार उघडझाप करणारी झडप असते. तत्त्व समान असले तरी रचना आणि द्रवाची श्यानता निराळी असते. एकाचा द्रव दुसऱ्यात भरणे ही गंभीर चूक ठरते.

द्रव निकामी का होतो

सीलबंद डब्यातील द्रव कायम टिकेल, असा समज होणे साहजिक आहे. तथापि वर्षानुवर्षे होणाऱ्या उष्णतेच्या आणि ताणाच्या माऱ्याने सिलिकोनच्या लांब रेणूंमध्ये बदल होतात. काही ठिकाणी रेणूसाखळ्या तुटून द्रव पातळ होतो. काही ठिकाणी त्या परस्परांत गुंतून द्रव जेलीसारखा घट्ट होतो. चकत्यांमधून झिजून निघालेले लोखंडाचे सूक्ष्म कण त्यात मिसळतात आणि मूळचा पारदर्शक द्रव काळा पडतो. सील कडक झाल्यास द्रव हळूहळू गळू लागतो.

घट्ट झालेले कपलिंग अधिक धोकादायक असते. पातळ झालेले किंवा गळलेले कपलिंग मागच्या चाकांपर्यंत ताकद पोहोचू देत नाही आणि गाडी चिखलात अडकते. घट्ट झालेले कपलिंग मात्र कोरड्या रस्त्यावरील साध्या वळणावरही पुढची आणि मागची चाके परस्परांना बांधून ठेवते. चाके घसरू शकत नाहीत. सगळा पीळ प्रोपेलर शाफ्ट, बेव्हल गिअर आणि बेअरिंगवर येतो. यातील सर्वांत दुबळा भाग अखेरीस तुटतो. पुष्कळदा तुटलेला गिअरबॉक्स बदलला जातो, परंतु त्याला कारणीभूत ठरलेले कपलिंग तसेच राहते. काही महिन्यांनी नवा गिअरबॉक्सही त्याच मार्गाने जातो.

टायरचा वाटा

द्रव अकाली निकामी होण्यामागे टायरचा मोठा वाटा असतो. एक साधा हिशेब पाहू. नव्या टायरचा व्यास ६६० मिलिमीटर आहे आणि जुन्या टायरची नक्षी ४ मिलिमीटरने झिजली आहे, असे समजू. जुन्या टायरचा व्यास ६५२ मिलिमीटर होतो. फरक जेमतेम १.२ टक्के. ताशी ८० किलोमीटर वेगाने चाके मिनिटाला सुमारे ६४० फेरे घेतात. म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांत मिनिटाला सुमारे ८ फेऱ्यांचा फरक पडतो. डिफरन्शियलमध्ये वेग साधारण तिपटीहून किंचित अधिक होत असल्याने प्रोपेलर शाफ्टवर हा फरक मिनिटाला सुमारे २५ फेरे इतका होतो.

रस्ता सरळ आणि कोरडा असतानाही कपलिंग अशा रीतीने अखंड घसरत राहते. त्या वेळी ते १०० न्यूटन-मीटर इतका विरोध करत असेल, तर सुमारे २६० वॅट उष्णता सतत त्या बंद डब्यात निर्माण होते. लखनौहून आग्र्यापर्यंतच्या प्रवासात ही उष्णता तासन्‌तास साचत जाते. चारही टायर एकाच मापाचे, एकाच प्रकारचे आणि शक्यतो सारख्याच झिजलेल्या अवस्थेतील असावेत, हा नियम म्हणूनच कपलिंगच्या आयुष्याशी थेट निगडित आहे. केवळ दोन नवे टायर घालून केलेली बचत पुढे महागात पडू शकते.

लक्षणे आणि प्राथमिक चाचणी

गाडी उभी करताना स्टीअरिंग पूर्ण वळवून सावकाश चालवली असता हँडब्रेक ओढल्यासारखी अडखळते का, हे पाहावे. मोकळ्या गिअरमध्ये ती आपोआप थांबत असेल, वळताना टायर घासल्याचा आवाज येत असेल किंवा गाडीच्या मध्यभागातून घरघर ऐकू येत असेल, तर कपलिंग घट्ट झाल्याची शंका घ्यावी. अर्थात अडकलेले ब्रेक किंवा खराब बेअरिंग यांमुळेही असे होऊ शकते. म्हणून ती कारणे आधी तपासावीत.

फ्रीलँडरसारख्या रचनेच्या गाड्यांत एक चाचणी गॅरेजमध्ये करता येते. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद ठेवावे, गिअर टाकावा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडथळे लावावेत. मागचे एक चाक जॅकने उचलून भक्कम स्टँडवर आधार द्यावा. हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करत असल्याने तो सोडावा लागतो. त्यामुळे पुढच्या चाकांचे अडथळे पक्के असणे अत्यावश्यक आहे. नंतर उचललेल्या चाकाच्या मधल्या नटावर लांब दांडा बसवून त्याच्या टोकाला ठरावीक वजन टांगावे आणि चाक ठरावीक कोनातून फिरण्यास किती वेळ लागतो, ते घड्याळावर मोजावे. निरोगी कपलिंगमध्ये चाक सावकाश पण अखंड फिरत जाते. ते हलतच नसेल तर कपलिंग घट्ट झाले आहे. दांडा झटकन खाली आला तर द्रव पातळ झाला आहे किंवा गळून गेला आहे. एक चाक उचललेले असताना इंजिन सुरू करून गिअर टाकण्याचा प्रयोग कोणीही करू नये. जमिनीवरील चाकांना ताकद मिळून गाडी स्टँडवरून निसटू शकते.

या चाचणीत तापमानाची नोंद ठेवणे विसरू नये. लखनौत जानेवारीतील सकाळी १० अंश आणि जूनमधील दुपारी ४० अंश तापमान असणे नवलाचे नाही. या दोन तापमानांत सिलिकोन द्रवाची श्यानता जवळजवळ निम्म्याने बदलते. त्यामुळे तेच कपलिंग हिवाळ्यात घट्ट आणि उन्हाळ्यात सैल वाटू शकते. तापमान न नोंदवता सांगितलेला कोणताही आकडा म्हणूनच अपुरा समजावा. गाडी लांबून चालवत आणली असेल, तर कपलिंग थंड होण्यासाठी काही तास थांबणे योग्य ठरते.

रिकंडिशनिंगची प्रक्रिया

बाजारात रिकंडिशनिंग या एकाच नावाखाली तीन निरनिराळी कामे चालतात. पहिल्यात डबा बाहेरून घासून रंगवला जातो आणि दोन्ही टोकांची बेअरिंगे बदलली जातात. आतील द्रव जुनाच राहतो. दुसऱ्यात भरण्याच्या छिद्रातून जुना द्रव काढून नवा भरला जातो. चकत्या आणि सील तसेच राहतात. घट्ट व चिकट द्रव चकत्यांमधून पूर्णपणे निघत नसल्याने नव्या द्रवात जुना मिसळतो. तिसऱ्यात कपलिंग संपूर्ण उघडले जाते. यापैकी केवळ तिसऱ्या कामाला रिकंडिशनिंग म्हणणे उचित ठरेल.

संपूर्ण उघडण्याच्या कामात प्रथम सुरुवातीची स्थिती मोजली जाते. नंतर डबा सुरक्षितपणे उघडून प्रत्येक चकती क्रमाने काढली जाते. तिचा क्रम आणि बाजू लिहून ठेवावी लागते. काही रचनांमध्ये चकत्यांमधील अंतर कड्यांनी राखलेले असते, तर काही चकत्या मोकळ्या सरकत असतात. हा क्रम चुकल्यास पकडीचे स्वरूप बदलते. चकत्यांवर निळसर डाग असतील, तर त्या फार तापल्या आहेत असे समजावे. त्या वाकल्या असतील, खाचांचे दात झिजले असतील किंवा पृष्ठभाग ओरखडला असेल, तर त्या टाकून द्याव्यात.

सीलची निवडही काळजीपूर्वक करावी लागते. सिलिकोन रबराचे सील उष्णता सोसत असले तरी सिलिकोन द्रवात ते फुगतात. म्हणून येथे फ्लुरोरबराचे सील वापरणे योग्य मानले जाते. तसे जुने सील आगीत जाळू नयेत, कारण त्यातून विषारी वायू निघतात. द्रवाने भरलेला बंद डबा तापवणे किंवा त्यावर वेल्डिंग करणे हे तर स्पष्टपणे धोकादायक आहे. आतील दाबामुळे तो फुटू शकतो.

द्रव भरण्याची पायरी सर्वांत नाजूक असते. द्रव इतका घट्ट असतो की त्यात अडकलेले बुडबुडे वर येण्यास बराच वेळ लागतो. काम नीट करणारे कारागीर निर्वात पंपाचा आधार घेतात किंवा पुरेसा वेळ थांबतात. भरलेला द्रव अंदाजाने नव्हे, तर वजनाने मोजावा लागतो. डब्यात ४०० घन सेंटिमीटर मोकळी जागा आहे आणि ती ९० टक्के भरायची आहे, असे समजू. सिलिकोनची घनता ०.९७ असल्याने सुमारे ३५० ग्रॅम द्रव लागेल. यात केवळ १० ग्रॅम द्रव अधिक गेला, तर डबा पूर्ण भरण्याचे तापमान सुमारे ३० अंशांनी खाली येते. असे कपलिंग उत्तर प्रदेशातील उन्हाळ्यात महामार्गावर चालतानाच पकड घेऊ शकते. म्हणजे गिअरबॉक्स वाचवण्यासाठी केलेले काम त्याच्याच मुळावर येते.

श्यानतेचाही प्रश्न आहे. हव्या त्या श्यानतेचा द्रव न मिळाल्यास दोन निरनिराळे सिलिकोन द्रव मिसळता येतात. तथापि निम्मा-निम्मा घेतल्याने बरोबर मधली श्यानता मिळत नाही. त्यासाठी लघुगणकावर आधारित गणित करावे लागते आणि मिश्रण मोजून पाहावे लागते. गिअर ऑइल किंवा ग्रीस यांचा पर्याय म्हणून वापर सर्वस्वी चुकीचा आहे.

शेवटची पायरी चाचणीची. कपलिंगची एक बाजू स्थिर ठेवून दुसरी ठरावीक वेगाने फिरवली जाते आणि ठरावीक तापमानाला किती विरोध मिळतो, हे मोजले जाते. त्यानंतर ते तापवून पकड कोणत्या तापमानाला येते, थंड झाल्यावर ते पुन्हा सैल होते का आणि तप्त स्थितीत गळती होते का, हे पाहिले जाते. हे आकडे त्याच प्रकारच्या निरोगी कपलिंगच्या आकड्यांशी जुळले, तरच काम पूर्ण झाले असे म्हणता येते.

मोजमापाची परंपरा

मोजून दुरुस्त करण्याची ही शिस्त चिनहटच्या परिसराला अपरिचित नाही. याच फैजाबाद मार्गावर हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडचा ॲक्सेसरीज विभाग आहे. १९७० साली स्थापन झालेल्या या विभागात विमानांची उपकरणे तयार होतात आणि जुन्या उपकरणांची संपूर्ण फेरदुरुस्तीही होते. विमानाचा फेरदुरुस्त भाग चाचणीच्या नोंदीशिवाय परत बसवला जात नाही. टाटा मोटर्सनेही ‘प्रोलाइफ’ या नावाने जुना भाग परत घेऊन रिकंडिशन केलेला भाग देण्याची योजना राबवली. तिचा संबंध प्रामुख्याने व्यावसायिक वाहनांच्या इंजिनासारख्या भागांशी आहे, मोटारींच्या व्हिस्कस कपलिंगशी नाही. तरीही वाहनधारकाने लहान गॅरेजकडून काय अपेक्षा करावी, याचा धडा या दोन्हींतून मिळतो. काम कोणत्या पद्धतीने झाले, मोजमाप काय आले आणि त्याची जबाबदारी कोण घेतो, हे तीन प्रश्न विमानाला जितके लागू आहेत, तितकेच जुन्या मोटारीलाही आहेत.

ग्राहकाचे अधिकार

रिकंडिशन केलेला भाग विकणे यात काहीही गैर नाही. तो नवा म्हणून विकणे मात्र बेकायदेशीर आहे. जुलै २०२० मध्ये अंमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार पुनर्बांधणी केलेली, वापरलेली किंवा रिकंडिशन केलेली वस्तू नवी असल्याचे खोटे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. विकलेल्या वस्तूचे बिल न देणे हीदेखील अशीच प्रथा मानली गेली आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

कपलिंग घेताना बिलावर ‘रिकंडिशन केलेले’ असा स्पष्ट उल्लेख, वापरलेल्या द्रवाची श्यानता, भरलेल्या द्रवाचे वजन, बदललेल्या सील व बेअरिंगांची नोंद, चाचणीचे तापमानासह आकडे आणि हमीचा कालावधी लिहून घ्यावा. ज्या कारागिराने हे काम खरोखर केले आहे, त्याच्याकडे हे आकडे असतातच. ते सांगण्यास टाळाटाळ होत असेल, तर डब्यावरील चकचकीत रंगाला फारसे महत्त्व देऊ नये. शक्य असल्यास आपलेच जुने कपलिंग दुरुस्त करून घ्यावे. अदलाबदलीत मिळालेल्या डब्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो.

बसवल्यानंतरची काळजी

नवे किंवा रिकंडिशन केलेले कपलिंग बसवण्यापूर्वी टायर, प्रोपेलर शाफ्टचे सांधे, आधाराची बेअरिंगे आणि डिफरन्शियलमधील तेल तपासून घ्यावे. जुन्या कपलिंगने या भागांना आधीच इजा केलेली असू शकते. गाडी बंद पडल्यास दोन चाके उचलून आणि दोन रस्त्यावर ठेवून ती ओढून नेऊ देऊ नये. अशा वेळी कपलिंग अखंड घसरते आणि काही किलोमीटरमध्येच तापून पकड घेते. चारही चाके वर घेणारे सपाट वाहन मागवावे. वाहतूक शाखेच्या क्रेनने उचललेल्या गाडीबाबतही ही सूचना संबंधितांना वेळीच द्यावी. ब्रेक तपासण्यासाठी एकाच ॲक्सलची चाके रोलरवर फिरवली जातात. तेथेही गाडीच्या रचनेची पूर्वकल्पना द्यावी.

गाडीचे काम होईपर्यंत काही जण मागचा प्रोपेलर शाफ्ट काढून ती केवळ पुढच्या चाकांवर चालवतात. फ्रीलँडरसारख्या गाडीत गिअरबॉक्स वाचवण्याचा तात्पुरता उपाय म्हणून ते समजण्याजोगे आहे. परंतु सर्व गाड्यांची रचना तशी नसते. मध्ये डिफरन्शियल असलेल्या गाडीत शाफ्ट काढल्यास ती जागची हलणार नाही किंवा कपलिंगवरच सारा भार पडेल. शिवाय ओल्या घाटरस्त्यावर अशा गाडीचे वर्तन बदललेले असते, याचे भान चालकाने ठेवायला हवे.

दर वर्षी पावसाळ्यापूर्वी तीच चाचणी, तोच दांडा आणि तेच वजन वापरून करावी व आलेला वेळ तापमानासह वहीत लिहून ठेवावा. एका वर्षाच्या आकड्यावरून फारसे कळत नाही. तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की द्रव घट्ट होत चालला आहे का, हे गिअरबॉक्स तुटण्याच्या कितीतरी आधी दिसून येते. मडके वाजवून पाहता येते. सीलबंद कपलिंगची पारख मात्र अशा नोंदींवरूनच होऊ शकते.